कारध्याचे हज्जानबाबू

हज्जानबाबूंनी उभ्या आयुष्यात कधी माणूस मोजला नाही, आणि नोकरी केली ती हजेरीबाबूची. भंडारा जिल्ह्यातल्या चिखल्याच्या मँगनीज खाणीत पाळीला उतरणारा प्रत्येक गडी टाइम ऑफिसच्या खिडकीतून आपल्या नंबरचा पितळी बिल्ला घेऊन जायचा आणि वर आला की परत करायचा. साहेबानं विचारलं, "खाली किती लोक आहेत?" की हे फळीकडे बघून सांगणार, "सत्तेचाळीस बिल्ले बाहेर आहेत." "अहो, लोक किती?" "बिल्ले सत्तेचाळीस." साहेब कपाळाला हात लावायचा. मी त्यांच्या हाताखाली नवाच लागलेला कारकून, म्हणून त्यांचा लहानबाबू. मला वाटलं, माणूस जरा सर्किट दिसतो. पुढे कळलं की तो त्यांचा धर्म होता. दाविद राजानं एकदा आपली प्रजा मोजली आणि देशात मरी आली, तेव्हापासून माणसं मोजायची नाहीत.

ते ज्यू. बेने इस्रायल. मूळचे कोकणातले, समुद्रकाठचे. खाणीत नोकरी लागली म्हणून लग्नाच्या बायकोला घेऊन या तळ्यांच्या मुलखात आले. त्यांच्या जमातीत प्रार्थना गाऊन चालवणाऱ्याला हज्जान म्हणतात, आणि इकडे त्यांच्या लोकांना दुसरा कोणी नसल्यामुळे लग्न लावणं, कोंबडी कापणं, माती देणं, सगळं यांच्याच गळ्यात पडलं होतं. खरं नाव मस्टरवर होतं, पण ते वाचायची वेळ कोणावर आली नाही. एकदा बोलता बोलता ते म्हणाले की कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे, कारण पूर्वजांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असत. आमचा एक मुकादम तेली होता. तो लगेच स्टूल पुढे ओढून बसला. "मंग तुमी आमच्यातलेच न जी! आधी काहून नाई सांगतलं?" त्याच्या पोरीच्या लग्नाची पहिली पत्रिका हज्जानबाबूंच्या घरी गेली.

शनिवारी ते काम करत नसत. खाणीला सुट्टी रविवारची, पण दुरुस्तीचे गडी त्या दिवशीही उतरायचे. तेव्हा शनिवारी त्यांची खिडकी मी सांभाळायची आणि रविवारची माझी पाळी त्यांनी करायची, असा करार झाला. कागदावर नाही, तोंडी. बावीस वर्षं तो चालला. माझ्या लग्नाची तारीख शनिवारची निघाली तेव्हा त्यांचं तोंड इतकं पडलं की मी सासऱ्यांना सांगून मुहूर्त पुढे ढकलला. बायको अजून त्यावरून बोलते.

माणूस हट्टी, खडूस आणि भयंकर नियमाचा. सुरी धारेला आहे की नाही हे नखावर फिरवून पाहणार, जराशी खाच लागली की कोंबडी सोडून देणार, मग घरी पाहुणे बसलेले का असेनात. शुक्रवारी दिवे लागायच्या आत जे बटण चालू राहिलं ते शनिवारी संध्याकाळपर्यंत चालू. आणि भाषा! चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून एकदाही 'मले' आणि 'तुले' निघालं नाही. वहिनी मात्र दोन पावसाळ्यांत पक्क्या झाडीपट्टीच्या झाल्या. पुढे कारध्याला राहायला गेल्यावर तिथली कौतिका ढिवरीण माशांची पाटी घेऊन दारात आली की दोघींचं असं जुंपायचं की आत बसलेले बाबू कानांत बोटं घालायचे. खवले नसलेली मासोळी त्यांना चालत नाही, हे कौतिकाला कोणी शिकवलं नव्हतं, ती आपली आपण शिकली. वाम, मांगूर पाटीत खाली दाबून ठेवायची आणि वरून रोहू दाखवायची.

"वहिनी, खवल्याचा हाय जी! बाबूले सांगा, तुमच्या देवाले चालते."

"देवाले चालते वो, पण मले भाव नाई चालत," वहिनी म्हणायच्या.

नवस फेडायचा असला की वहिनी इथल्याच धानाचे पोहे, गूळ, खोबरं आणि फळं घालून मलिदा करायच्या. तो घ्यायला आळीतली सगळी पोरंबाळं रांगेत. मूल त्यांना झालं नाही. त्यावर दोघांपैकी कोणी कधी बोललं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

बाबूंचा गळा हा एक वेगळाच प्रकार होता. बोलताना खरखरीत, आणि गायला लागले की एकदम मोकळा. त्यांच्या लोकांत मराठीतून कीर्तन करायची चाल आहे. कामगार वसाहतीच्या मैदानात त्यांनी एकदा योसेफाचं आख्यान लावलं. भावांनी योसेफाला कोरड्या विहिरीत टाकलं आणि तो खालून हाका मारतो आहे, इथे आले तेव्हा खाणीत उतरणारे दणकट गडी उपरण्यानं डोळे पुसत होते. अंधारात खाली राहिलेल्या माणसाची हाक काय असते, हे त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं. त्यानंतर दर वर्षी लोक विचारायचे, "बाबू, विहिरीवालं कवा?"

पण त्यांची सगळी प्रार्थना अडायची ती दहा माणसांपाशी.

ज्यूंची सामुदायिक प्रार्थना दहा पुरुषांशिवाय होत नाही. दहाही ज्यू, तेरा वर्षांवरचे. त्यातही मेलेल्या माणसासाठी म्हणायची कद्दिश नावाची प्रार्थना दहा असल्याशिवाय ओठांवर आणायची नाही. म्हणजे मेलेल्याला निरोप द्यायला दहा जिवंत माणसं पाहिजेतच. आता या जिल्ह्यात दहा ज्यू आणायचे कुठून? पण बाबू आणायचे. तुमसरचा कंपाउंडर, गोंदियाचा रेल्वे गार्ड आणि त्याचा मुलगा, बालाघाटच्या खाणीतले दोघे, नागपूरचे तिघे-चौघे, अशी माळ ओवलेली होती. सणाआधी पंधरा दिवस सगळ्यांना पोस्टकार्ड जायचं. मजकूर एका ओळीचा: 'तुम्ही आलात तर आपण आहोत.' लोक जमले की ते दहा शब्दांचं एक वचन म्हणायचे, पहिला शब्द स्वतःसाठी, मग एका माणसाकडे पाहून एक. दहावा शब्द दहाव्या माणसावर पडला की चेहरा खुलायचा आणि प्रार्थना सुरू. ती झाली मोजणी. मी पडवीत खुर्ची टाकून बसायचो, कारण आतून येणारं गाणं मला आवडायचं.

एकदा बालाघाटहून एक म्हातारी आली होती. नवऱ्याच्या मरणाचा वर्षदिवस होता. नऊ जमले. गार्डाची गाडी कुठे अडकली कोण जाणे, तो आलाच नाही. दुपारचे चार वाजले. शेवटची बस निघून जाईल म्हणून म्हातारी चुळबुळ करायला लागली. मी दारात जाऊन म्हणालो, "बाबू, मी उभा राहतो न दहावा. कोणाच्या कपाळावर काय लिहिलं असते?"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "तू त्या दहांपेक्षा जवळचा आहेस. पण दहांतला नाहीस."

म्हातारीनं डबा उचलला आणि कद्दिश न होताच बसस्टँडकडे चालू लागली. पुढच्या वर्षी ती आली नाही, कारण ती उरलीच नव्हती. मला फार राग आला होता. आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. त्यांनीही समजूत घातली नाही.

मग लोक इस्रायलला जायला लागले. आज कंपाउंडर, दोन वर्षांनी नागपूरचं एक घर, मग आणखी एक. निरोप द्यायला बाबू स्टेशनवर जायचे आणि भांडायचे. वहिनी शिदोरी द्यायच्या, आणि हे बाजूला उभे राहून म्हणायचे, "जा. इथे दहावा होतास, तिकडे अकरावा होऊन बस." गाडी हलली की मात्र शेवटच्या डब्याबरोबर फलाट संपेपर्यंत चालत जायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी कारध्याला घर बांधलं. फार पूर्वी त्यांच्यातल्याच एका सर्व्हेअरनं कारध्याच्या शिवारात दफनभूमीसाठी जमिनीचा तुकडा घेऊन ठेवला होता. बाबू म्हणाले, "पुढेमागे जायचंच आहे, तर जवळ राहिलेलं बरं." मी भंडाऱ्याला घर केलं. वैनगंगेचा पूल ओलांडला की दहा मिनिटांत त्यांची पडवी. पोस्टकार्डं आता चार-पाचच जायची.

चार वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. तीन दिवसांचा ताप आला आणि संपलं. दवाखान्यात मी होतो. शेवटच्या दिवशी त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि त्यांच्या त्या बिघडलेल्या मराठीत म्हणाल्या, "सगळे गेले तिकडं. तुमी नका जाऊ. मले इथं एकटीले ठेवू नका." बाबूंनी मान हलवली. तोंडानं हो म्हणाले की नाही, आठवत नाही.

मातीला त्यांच्यातले सहा पुरुष जमले. खड्डा आळीतल्या पोरांनी खणला, पाणी कौतिकानं आणलं, अख्खं कारधा उभं होतं. आणि ज्या माणसानं चाळीस वर्षं इतरांच्या मेलेल्यांसाठी कद्दिश गाऊन घेतलं, तो आपल्या बायकोच्या मातीपाशी ओठ घट्ट मिटून उभा राहिला. मला बघवत नव्हतं.

त्यानंतर त्यांना तेवढा एकच ध्यास लागला. तिचं कद्दिश झालेलं नाही. मूल असतं तर त्यानं म्हटलं असतं, आता म्हणायचं तर यांनीच. इस्रायलमध्ये त्यांचा पुतण्या होता. तो रोज फोन करायचा. "काका, इकडे या. गल्लीच्या तोंडाशी सिनेगॉग आहे, सकाळ-संध्याकाळ दहाच्या वर माणसं. रोज म्हणा काकूसाठी." एकदा त्यानं मोबाइलवर दहा जणांना समोर उभं केलं, व्हिडिओवर. बाबूंनी चष्मा पुसून पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला. "ह्यांना पाणी पण देता येत नाही रे," म्हणाले. "ही कसली माणसं जमली?"

तिकडे जावं तर वहिनी इथे एकट्या पडतात. इथे राहावं तर कद्दिश होत नाही. वर्षभर त्यांनी दुसरा विषय काढला नाही. दोन घास खायचे आणि दफनभूमीवर जाऊन बसायचे.

वर्षदिवस जवळ आला तेव्हा मी म्हणालो, "बाबू, एका दिवसासाठी दहा मी जमवतो. माह्यावर सोडा." आणि कामाला लागलो. गोंदियाचा गार्ड आता पार थकलेला, पण मुलाला घेऊन येतो म्हणाला. नागपूरचं एक घर उरलं होतं, तिथले तिघे कबूल झाले. बालाघाटच्या खाणीतला एक अजून होता, दुसरा केव्हाच गेला होता. ठाण्याकडचे त्यांच्यातलेच दोन तरुण इंजिनिअर कामासाठी नागपुरात आलेले, त्यांनाही गाठलं. बाबू धरून नऊ. दहाव्यासाठी जंग जंग पछाडलं. शेवटी तुमसरला एका टायरच्या दुकानावर पाटी दिसली: सॅम्युएल. मी स्कूटर तिथेच लावली.

"आमच्या हज्जानबाबूंच्या घरी प्रार्थना हाय. बाई वारल्या त्यांच्या, वर्ष झालं. तुमी याल काय जी?"

"प्रार्थनेले? येतो न! कायले नाई येनार?" तो म्हणाला. भला माणूस. मी त्याला मिठीच मारली.

आदल्या दिवशी बाबूंनी विचारलं, "दहावा कोण?"

"सॅम्युएल. तुमसरचा."

"तुमसरला तर आता कोणी राहिलं नाही."

"हाय. मी सोता बोललो त्याच्याशी."

ते माझ्याकडे बघत राहिले. एरवी नवीन माणूस आला की हे त्याच्या आजोबाचं गाव विचारणार, कोणत्या सिनेगॉगात नाव आहे ते विचारणार. त्या दिवशी काही विचारलं नाही. "बरं," एवढंच म्हणाले आणि पांढरा सदरा इस्त्रीला टाकायला स्वतः गेले. त्यांनी विचारलं नाही, हे मला आजही खातं. त्यांना विचारायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे वेळेवर आले. इतकी वर्षं गाड्या चुकल्या, एसट्या बंद पडल्या, आणि त्या दिवशी एकही माणूस उशिरा आला नाही. आळीतले लोक अंगणात उभे होते. कौतिका पाटी घरी ठेवून, धुतलेलं लुगडं नेसून आली होती. बाबू आतल्या खोलीत उभे राहिले आणि त्यांनी ते दहा शब्दांचं वचन सुरू केलं. एकेका चेहऱ्यावर एकेक शब्द. नववा त्या धाकट्या इंजिनिअरवर. दहावा सॅम्युएलवर. त्या दहाव्या शब्दाला त्यांचा आवाज असा चढला की अंगणात कौतिकानं हात जोडले.

मग पुस्तकं वाटली. सॅम्युएलनं टोपी डोक्यावर नीट बसवली, पुस्तक घेतलं आणि आपण सगळे उघडतो तसं डावीकडून उघडलं. हिब्रू पुस्तक उलट्या बाजूनं उघडतं. बाबूंनी ते पाहिलं. माझंही लक्ष गेलं, पण मला त्याचा अर्थ लागला नाही.

"तुमचे वडील कुठले?" बाबूंनी हळू विचारलं.

"आमचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते जी," तो आनंदानं म्हणाला. "आमी दर रविवारी चर्चले जातो." आणि खिशातून त्यानं छोटं बायबल काढून दाखवलं.

म्हणजे दहा नव्हते, नऊच होते. चूक माझी होती. सॅम्युएल, दाविद, सोलोमन, ही नावं त्यांच्यातही असतात आणि ख्रिश्चनांतही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मला दहावा पाहिजे होता म्हणून मी विसरलो. एक प्रश्न विचारला असता तर पंधरा दिवस हाताशी होते, मुंबईहून कोणाला आणता आलं असतं.

गार्ड म्हणाला, "बाबू, म्हणा तुम्ही. देव काय मोजत बसलाय?"

मीही मध्ये पडलो. "म्हणा न बाबू! कोन मोजून राहिलं इथं?"

"मी," बाबू म्हणाले. "मी मोजलं आजवर. ती बालाघाटची म्हातारी आठवते तुला? तिला मी नऊ जणांतून परत पाठवलं. आता माझ्या बायकोसाठी नऊवर म्हणू? मग त्या बाईला मी काय केलं?"

गार्डानं हातातलं पुस्तक मिटलं.

सॅम्युएलचा चेहरा रडवेला झाला. तो टोपी काढायला लागला, तर बाबूंनी त्याचा हात धरला. "राहू दे. आलास ना तू? मला न येणाऱ्यांनी छळलं, येणाऱ्यांनी नाही." मग त्याला आपल्या शेजारी उभं केलं आणि एक स्तोत्र गायला सुरुवात केली. स्तोत्राला दहा लागत नाहीत. दोन ओळी गायले आणि तो मोकळा गळा मध्येच बसला. उरलेलं त्यांनी नुसतं वाचलं.

सगळे गेल्यावर मी त्यांच्या पाया पडलो. "बाबू, मी चुकलो."

"तू दहा जमवले होतेस रे," ते म्हणाले. "मी पण अर्धा तास दहाच धरून होतो. तो अर्धा तास चांगला गेला."

दोन महिन्यांनी पुतण्या येऊन त्यांना घेऊन गेला. तिकडच्या रब्बीला विचारलं होतं, उशिरा म्हटलं तरी चालेल म्हणाला. जायच्या दिवशी मी भांडलो. म्हणालो, तुम्ही वहिनींना काय कबूल केलं होतं? पडवीतल्या पिशव्यांकडे बघत ते म्हणाले, "पहाटे जाऊन सांगून आलो तिला. बराच वेळ बसलो. तिनं हो म्हटलं नाही." घराची किल्ली मला दिली. दफनभूमीवरचं गवत वर्षातून दोनदा काढ म्हणाले. पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या त्यांच्या पेसाहच्या सणाआधी एकदा. तिथेही नियम.

पंधरा दिवसांनी फोन आला. आवाज खोल गेलेला.

"म्हटलं रे लहानबाबू. झालं एकदाचं. सगळ्यांनी आमेन म्हटलं."

"मंग आता बरं वाटते न?"

"भरपूर माणसं होती," ते म्हणाले. "पण तिच्या हातचा चहा प्यालेला त्यात एकही नव्हता."

मग त्यांनी कौतिकाची चौकशी केली, नदीला पाणी किती आहे विचारलं. परत यायचं म्हणत होते. छातीचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी विमान बंद केलं. मागच्या उन्हाळ्यात पुतण्याचा फोन आला की काका गेले. मातीला पन्नास माणसं होती, कद्दिश झालं, सगळं नीट झालं, असं तो सांगत होता. मी हं हं करत होतो.

फोन ठेवला आणि पूल ओलांडून दफनभूमीवर गेलो. धानाच्या बांध्या तेव्हा कोरड्या पडलेल्या, चिटपाखरू नाही. वहिनींच्या दगडापाशी वाढलेलं काढून टाकलं आणि म्हणालो, "वहिनी, बाबू गेले. तिकडंच ठेवलं त्याह्यले." त्या पडवीत इतकी वर्षं बसून कद्दिश मला पाठ आहे. एका शब्दाचा अर्थ कळत नाही, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत येतं, चालीसकट. ते आपोआप ओठांवर आलं. म्हटलं असतं तर अडवायला तिथे कोणी नव्हतं. आणि वहिनींना माझ्या हातून काही पोचावं असं मला फार वाटत होतं. पण मी ओठ मिटले, उभ्याउभ्या रडलो, आणि ते न म्हणताच घरी आलो.